आरोग्यविषयक प्रेसनोट छापण्याआधी दोन तासांत काय काय तपासता येतं?

डेस्कवरून
स्थानिक पानासाठी आरोग्याच्या प्रेसनोटा सतत येतात. नमुना ठरलेला: "अमुक पूरक गोळीमुळे हृदयविकाराचा धोका निम्म्यावर, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये संशोधन प्रसिद्ध." सोबत डॉक्टरांचा कोट आणि फोटो. नोट सहाला हातात पडते, पान आठला सोडायचं असतं, आणि डेस्कवर विज्ञान शिकलेलं कुणी नसतं. एवढ्या वेळात काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने? तपासणी पुरी झाली नाही तर "असा दावा करण्यात आला आहे" असं लिहून लावून टाकावी का?

तळटीप
आधी मूळ पेपर मागा. नोट पाठवणाऱ्याला फोन करून डीओआय विचारा. १० ने सुरू होणारा हा पेपरचा कायमचा क्रमांक असतो. द्यायला टाळाटाळ झाली तर बातमी आज लागत नाही, इतकं सोपं आहे. "प्रसिद्ध" म्हणजे पुष्कळदा परिषदेतला गोषवारा किंवा मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावर टाकलेलं प्रीप्रिंट असतं. प्रीप्रिंटची तज्ज्ञांकडून छाननी झालेली नसते आणि हे बातमीत वरच्या दोन परिच्छेदांत यायला हवं, शेवटच्या ओळीत नव्हे.

पेपर आला की सगळा वाचत बसू नका. प्रयोग कुणावर केला, किती जणांवर केला आणि मोजलं काय, एवढंच शोधा. उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर असेल तर "रुग्णांना दिलासा" तिथेच कापा. बशीतल्या कर्करोगाच्या पेशी ब्लीचनेही मरतात.

खरी गोम "मोजलं काय" यात असते. झटके आणि मृत्यू मोजले, की फक्त रक्तातलं कोलेस्टेरॉल? तपासणीचा आकडा सुधारला म्हणजे माणूस वाचला असं होत नाही. झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे अनियमित ठोके एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी छान कमी होत. प्रत्यक्ष चाचणीत मात्र औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले आणि १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग थांबवावा लागला.

मग शीर्षक पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, टाका. पेपर मागे घेतला असेल तर तिथे ठळक सूचना दिसते. लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमधला, कोविडसाठी वापरलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधावरचा पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. गोवराची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा १९९८ चा पेपर मागे घ्यायला त्याच लॅन्सेटने २०१० उजाडवलं. म्हणजे जर्नलचं नाव मोठं आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पबमेडमध्ये सापडणं हाही दर्जाचा शिक्का नव्हे.

माणसांवरची चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक बघा; काय मोजणार हे या नोंदणीत जाहीर केलेलं असतं. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी नोंदणी-संकेतस्थळावरचा असेल तर एनसीटी आणि पुढे आठ अंक. नोंदणीत मुख्य निष्कर्ष म्हणून एक लिहिलंय आणि प्रेसनोट भलत्याच गोष्टीचा डांगोरा पिटतेय असं दिसलं, तर मूळ प्रयोग बहुधा फसलेला आहे.

छेद_आणि_अंश
"निम्म्यावर" कशाच्या? १००० पैकी २०० चे १०० झाले तरी निम्मे आणि २ चा १ झाला तरी निम्मेच. दोन्ही गटांत किती जणांपैकी किती आणि किती काळात, हे आकडे मिळाल्याशिवाय टक्केवारी छापूच नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा गाजला. प्रत्यक्षात ७००० पैकी १ चे २ झाले होते. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले.

पेपरमध्ये धोक्याच्या गुणोत्तरापुढे (गोळी घेणाऱ्यांचा धोका भागिले न घेणाऱ्यांचा) कंसात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ०.५ (०.२ ते १.३). या पट्ट्यात १, म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच, येत असेल तर फायदा सिद्ध झालेला नाही.

"९० टक्के अचूक चाचणी" या नोटांनाही हाच नियम. १००० लोकांत १० जणांना आजार आहे, चाचणी आजारी आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते, असं धरा. आजारी ९ सापडतील, पण ९९० निरोगींपैकी ९९ जणही पॉझिटिव्ह येतील. १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे ९. बातमी ही आहे.

डेस्कवरून
आणि पेपरच नसेल तर? "३० रुग्णांवर उपचार, एकालाही दुष्परिणाम नाही" अशी पत्रकार परिषद होते. बाकीचे छापतात, आपली बातमी चुकली म्हणून वरून विचारणा होते.

छेद_आणि_अंश
शून्य दुष्परिणामांसाठी सोपा हिशेब आहे: ३ ला रुग्णसंख्येने भागा. ३०/३ नव्हे, ३/३०, म्हणजे १० टक्के. ३० जणांत कुणालाच त्रास झाला नाही, तरी दहातल्या एकाला होण्याची शक्यता नाकारता येत नाही. शिवाय विचारा: सुरुवात किती जणांनी केली, मध्येच किती सुटले, तुलनेला दुसरा गट होता का, "बरा झाला" हे कुणी ठरवलं? दुखणं अगदी वाढलं की माणूस उपचाराला येतो, आणि त्यानंतर ते थोडं उतरतंच, गोळी घ्या किंवा नका घेऊ. पत्रकार परिषदेत हे चार प्रश्न विचारले की उत्तरं हीच बातमी होते.

पान_तीन
वरचं सगळं पटलं. माझा भर फोनवर. त्याच विभागातला किंवा पेपरचा सहलेखक नको, त्या शाखेचा बाहेरचा माणूस हवा. आधी पेपर पाठवा, मग बोला. "आपली प्रतिक्रिया?" विचारलं की "स्वागतार्ह पाऊल" मिळतं. "या पेपरवरून रुग्णाने चालू औषध बदलावं का?" असं विचारा. कंपनीकडून मानधन घेतात का, हेही संकोच न करता विचारा. लेखकांचे हितसंबंध आणि निधी पेपरच्या शेवटी छापलेले असतात.

विद्यापीठाची नोट आहे म्हणून सूट नको. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोटा तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला. ४० टक्के नोटांतला सल्ला मूळ पेपरपेक्षा फुगवलेला होता.

मथळ्यात "अमुकमुळे" फक्त तेव्हाच, जेव्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केलेली असते. नुसतं निरीक्षण असेल तर "घेणाऱ्यांमध्ये प्रमाण कमी आढळले". मथळा दुसरा कुणी करणार असेल तर ही सूचना कॉपीच्या डोक्यावर लिहून पाठवा, नाहीतर मेहनत पाण्यात.

"असा दावा" लिहून सुटका नाही. वाचक दावा लक्षात ठेवतो, अवतरणचिन्हं नाही. तपासणी अपुरी असेल तर बातमी उद्यावर टाका. पूरक गोळी रात्रीत जुनी होत नाही. लावलीच आणि नंतर चूक निघाली, तर ऑनलाइन बातमीत त्याच लिंकवर सर्वात वर खुलासा द्या. फोटोकार्ड वेगळं फिरत असतं, तेही उतरवून नवं टाका.