मदत हवी आहे: जेवणाच्या प्रसंगात हशा आजोबांचं वाक्य गिळतोय

मंडळी, आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्यांच्या लघुपटाचं एडिटिंग सुरू आहे. अडलंय ते जेवणाच्या टेबलावर. पाच माणसं, प्रसंग 4 मिनिटांचा. नात आमटीवरून टोमणा मारते, सगळे हसतात आणि लगेच आजोबा म्हणतात, “घर विकायचं ठरवलंत, मला कोणी विचारलं?” बघणारे अजून हसतच असतात, वाक्य वाया जातं.

मधलं अंतर वाढवून पाहिलं. 12 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने अर्धा सेकंद, कमी पडतो. दोन सेकंद ठेवले तर नट ओळ विसरल्यासारखा दिसतो. पोळीचा तुकडा मोडता मोडता मुलाचा हात थांबतो, तो क्लोजअप मध्ये घातला की प्रसंग एकदम उभा राहतो. पण त्यात वाटी डावीकडे आहे, वाइडमध्ये, म्हणजे सगळं टेबल दिसणाऱ्या शॉटमध्ये, उजवीकडे. शूट 1080 रिझोल्यूशनमध्ये असल्याने वाटी कापून टाकण्याइतकं क्रॉपही करता येत नाही.

शिवाय बूमवर (नटांच्या डोक्यावर धरलेल्या माइकवर) ‘विचारलं’च्या ऐन वेळी स्टीलचा डाव पातेल्यावर आपटतो. लेपलवर (कपड्याला लावलेल्या छोट्या माइकवर) सदऱ्याची सळसळ आहे. रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, 40 सेकंदांचा आहे. डबिंग केलं तर आवाजातली थरथर जाईल, आणि प्रसंगाचा जीव तिच्यातच आहे.

‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटात (2016) नातेवाइकांची एवढी गर्दी असूनही हसू आणि बाप-लेकातला दुरावा दोन्ही स्पष्ट पोचतात, संकलन आणि ध्वनिमिश्रण दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते उगीच नाही.

टोमणा आधी सरकवावा, की आजोबांचा चेहरा दिसण्याआधीच त्यांचा आवाज हशाखालून सुरू करावा? आणि स्पेक्ट्रल रिपेअरने (ध्वनीच्या आलेखातून नको तो आवाज पुसण्याच्या साधनाने) डावाचा खणखणाट काढताना ‘विचारलं’मधला ‘च’ बोथट होऊ नये म्हणून काय करता?