मदत हवी आहे: १९ वर्षं उभी असलेली आरडी ३५०, पूर्ण उघडावी की आहे तशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

टू-स्ट्रोकवर हात काळे केलेल्यांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला नीट अंदाज येईल.

गाडी म्हणजे यामाहा आरडी ३५० मोटरसायकल, १९७४ चं मॉडेल, माझ्या मामाची. १९ वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मामा आता ७१ वर्षांचा आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किक मारणं त्याला जमत नाही. गेल्या महिन्यात त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "चालव, नाहीतर चालवणाऱ्याला दे. सडवू नकोस."

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, ३९ हॉर्सपॉवर, वजन दीडशे किलोच्या आसपास. हवेवर थंड होणारं एवढंसं इंजिन, पण रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक. तिच्या काळात दुप्पट सीसीच्या गाड्यांना तिने घाम फोडला होता.

फ्रेम आणि इंजिनाचे नंबर जुळतात. टाकी, मीटर, पुढची डिस्क मूळची आहे. सायलेन्सर काढून चेंबर (जास्त ताकदीसाठी लावतात ते फुगीर एक्झॉस्ट पाइप) बसवलेत, पण मूळचे सायलेन्सर मामाने गोणपाटात गुंडाळून जपून ठेवलेत. टाकीवरचा रंगही कंपनीचाच. दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे तिथे तो घासून पातळ झालाय, खालचा प्रायमर दिसतो. टाकीत आतून गंज आहे, पण भोक नाही.

खरा प्रश्न इंजिनाचा. बंद पडण्याआधीच्या काळात डावा सिलिंडर दोन-तीनदा सीज झाला होता, म्हणजे पिस्टन आत धरून अडकला होता. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये बोअर करून (सिलिंडर आतून किंचित मोठा करून) नवे पिस्टन टाकले आणि गाडी परत दिली. डावाच का धरतो, हे कोणी शोधलंच नाही. याचा मला फार राग आहे, कारण त्यात सिलिंडर खर्ची पडले. मी हेड काढून माप घेतलं. मूळ बोअर ६४ मिमी, आता दोन्हीकडे ६४.७५ आहे. म्हणजे पाव-पाव मिलिमीटरचे तीन टप्पे संपले, एकच उरलाय. डाव्या सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) बाजूला उभे ओरखडे आहेत, नख अडकतं.

मग डावीकडचा अल्टरनेटर काढला. त्याच्या मागे सगळीकडे काळा तेलकट थर होता, आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) सीलची कड नखासारखी कडक झालेली. ती दाबली तर वाकायच्या ऐवजी तडकली. माझा अंदाज असा की तिथून हवा आत ओढली जात होती, डाव्या बाजूचं पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) होत होतं आणि पिस्टन तापून धरत होता.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत. इंजिन पूर्ण उघडून क्रँकसकट सगळं नवीन करायचं. किंवा फक्त सील, शेवटचं बोअर, पिस्टन आणि कार्बोरेटर करून गाडी चालू करायची. किंवा हात न लावता एखाद्या जाणकाराला द्यायची. रंगाचंही ठरत नाही. मला साधं काम येतं, पण क्रँक कधी उघडलेला नाही. मन पहिल्या वाटेकडे ओढ घेतंय, पण अर्धी उघडून पेट्यांमध्ये पडून राहिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. मामाच्या गाडीचं तसं व्हायला नको. तर एकदम सगळं उघडण्याआधी नेमकं काय तपासलं म्हणजे ठरवता येईल?

प्रतिसाद १:
निदान बरोबर वाटतंय, पण खात्री करून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ती पेटी) हाच पंप असतो, त्यामुळे तो हवाबंद आहे का हे आधी बघायचं. सील बदला, हेड आणि सिलिंडर परत बसवा, इनटेक-एक्झॉस्ट बुच लावून बंद करा, साधारण ६ पीएसआय हवा भरा आणि पाच-सहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. उजवं सीलही सोडू नका. ते क्लचकडे असतं. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल पितं आणि पांढरा धूर सोडतं.

सगळ्यात आधी मात्र कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) बघा. वर-खाली ओढून जरासाही प्ले (ढिलेपणा) लागला किंवा फिरवताना बेअरिंग खरखरलं, तर दुसरी वाट बंद. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर उघडून परत सरळ करणं हे शतांश मिलिमीटरचं काम आहे, ते घरी करू नका. रोज हेच करणाऱ्याकडे द्या.

आणि एक विनंती. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू नका. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचं असतं. शेवटचा टप्पाही संपला तरी जीव टांगणीला लावू नका, नवीन स्लीव्ह घालून परत ६४ वर येता येतं. फक्त स्लीव्हचे पोर्ट सिलिंडरच्या पोर्टशी तंतोतंत जुळले पाहिजेत.

प्रतिसाद २:
रंगाला हात लावू नका, कळकळीने सांगतोय. नवा रंग कधीही देता येतो, कंपनीचा रंग एकदा घासला की गेला. टाकी आतून साफ करा, बाहेरून फक्त धुवा. चेंबर काढून मूळचे सायलेन्सर लावा, म्हणजे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी बारीक भोकं) मूळच्या मापाचे ठेवता येतील. चेंबर लावून जेट तेच ठेवले असतील तर डावा-उजवा दोन्ही पातळ चालत असणार, सीलने फक्त डाव्याचा निकाल आधी लावला.

टायर, ब्रेकचे होज आणि कॅलिपरचं सील न बघता बदला. एवढ्या वेगाच्या गाडीत १९ वर्षांचं रबर नको.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. जेटचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज मामाला विचारलं, तर चेंबर लावल्यावर पहिल्या महिन्यातच ती धरली होती म्हणाला, आणि जेट कोणी बदलल्याचं त्याला आठवत नाही.

संध्याकाळी सिलिंडर उतरवून रॉड ओढून पाहिले. उजवा घट्ट आहे. डाव्यात वर-खाली हलकी टकटक लागते, बोटांना स्पष्ट जाणवते. म्हणजे क्रँक बाहेर काढावाच लागणार. इंजिन पूर्ण करतोय, रंग तसाच ठेवतोय. क्रँक देण्याआधी त्या माणसाला कोणते प्रश्न विचारावेत, तेवढं सांगा.

प्रतिसाद १:
क्रँक सरळ केल्यावर दोन्ही टोकांचा रनआउट (फिरताना किती डगमगतं ते) मोजून लिहून देणार का, हे विचारा. आकडा लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडे देऊ नका. आणि पहिल्यांदा चालू करताना ऑटोल्यूबवर (इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या पंपावर) विसंबू नका. पाइपमधली हवा काढा आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येच तेल मिसळा.