चालवायचा कंटाळा नाही, थांबायचा आहे. ट्रकची लाईन सोडावी का?

बारा_चाकी
नमस्कार मंडळी. वय ४१, राहणार सुदामा नगर, इंदूर. सतरा वर्षं हेवी गाडीवर आहे. गेली सहा वर्षं एकाच मालकाकडे, देवासहून सोया तेलाचे डबे भिवंडीला, परतीला मिळेल ते भाडं. पगार वेळेवर, भत्ता वेळेवर. मालकाची तक्रार करायला गेलो तर माझंच तोंड वाकडं दिसेल.

झालं असं, मागच्या महिन्यात भिवंडीत एका गोदामाच्या गेटवर एकतीस तास उभा होतो. आत जागा नाही, मग हमाल नाहीत, मग साहेब जेवायला गेलेत, मग सिस्टीम बंद. धड झोपताही येत नाही, कारण लाईन कधीही सरकते. सरकली आणि तुम्ही जागेवर नसलात की मागचा पुढे. संडासला जायचं तर शेजारच्या गाडीवाल्याला सांगून. त्या एकतीस तासांत 'कुठे पोहोचलास?' हा ऑफिसचा फोन किती वेळा आला ते मोजायचं मी सोडून दिलं. अरे, जीपीएस लावलंय ना गाडीला, टिंब दिसतंय ना तुम्हाला!

घरी आलो. दारात बूट काढतोय तोवर आठवीतल्या मुलीचा फोन वाजला खिशात. ती आतल्या खोलीतच होती, तिला वाटलं मी अजून इंदूरबाहेर राऊलाच आहे. "बाबा, कुठे पोहोचलात?" मी दारातूनच तिच्यावर असा खेकसलो की आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

तेव्हापासून झोप लागली की दोन तासांत जाग येते. हे सगळ्यांचंच असतं का?

पोहे_जिरावण
भिया, गाडी सोडा, पोह्यांचा ठेला लावा. लाईन तिथेही असते, पण आपल्यासाठी लागलेली.

जुना_बॉम्बे_लाईनवाला
तुला 'तू' म्हणतो, राग मानू नकोस, धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. मी १९८४ ते २०१९ याच रस्त्यावर होतो.

आम्ही काय थांबत नव्हतो? मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्रच्या रात्र जायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, मला वाटलं आता आपलं राज्य. कसलं काय, नाका गेला आणि रांग गोदामाच्या दारात येऊन बसली. एवढंच की आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं. सेंधव्याच्या एसटीडीवरून एक फोन, मग तीन दिवस आम्ही जिवंत की मेलो हे मालकाला ठाऊक नसायचं. घरच्यांनाही नसायचं, म्हणून ते दिवस चांगले होते असं काही मी म्हणणार नाही.

एकच विचारतो. स्टेअरिंगवर असताना शेवटचं बरं कधी वाटलं? काहीच आठवत नसेल तर खुशाल सोड. आणि दोन तासांच्या झोपेवर घाट उतरू नकोस. गणेश घाटात काय काय अपघात झालेत ते तुला मी सांगायला नको.

मुन्शी_देवास_नाका
तो फोन करणारा मीच. म्हणजे तुमच्या नाही, दुसऱ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा मुन्शी, गाड्यांवर लक्ष ठेवणारा कारकून. शिव्या ऐकायची सवय आहे.

टिंब आम्हाला दिसतं, साहेब. पण पार्टी, म्हणजे ज्याचा माल तो, विचारते, 'ड्रायव्हर काय म्हणतो?' शिवाय ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. देवास ते भिवंडी म्हणजे तीन दिवस. गाडी गेटवर अडकली की मुदत संपते, ती संपते मध्यरात्री, आणि वाढवायची तर त्याच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतर, एवढ्यातच. म्हणून रात्री अकराला उठवतो. हे ड्रायव्हरला कोणी समजावून सांगत नाही, ही आमची चूक.

तुमच्या मुन्शीशी दोन वेळा ठरवून घ्या, सकाळी आठ आणि रात्री आठ, फोन तुम्हीच करायचा. गेटवर पोहोचलात की बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) मागे वेळ लिहून शिक्का मागा. देणार नाहीत. मग गेट आणि नंबरप्लेट एकत्र दिसेल असा फोटो लगेच पाठवा. त्यावर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, मागता येतं. ते मालकाच्या खिशात जातं हे मला माहीत आहे, पण त्यातला वाटा मागायला तुमच्या हातात काहीतरी राहतं. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती म्हणायचा; २०२५ मध्ये तो जाऊन नवी कामगार संहिता आली. आमच्या ऑफिसात तो कधी कोणी उघडला नाही. मीही मागच्या वर्षीच वाचला.

घरची_बाजू
भाऊ, इथे एवढं लिहिलंत, मुलीशी बोललात का?

आमचेही हेवीवरच आहेत. ते आले की आंघोळ, जेवण, झोप. उठेपर्यंत कोणी काही विचारायचं नाही, सासूबाईंनीही नाही. शुगर आणि बीपी तपासून घ्या. आमच्याकडे चिडचिड म्हणत होतो ती शुगर निघाली. झोप नाहीच आली तर १४४१६ लावा, टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. ह्यांनी पालसनेरच्या धाब्यावरून लावला होता म्हणे. मला सहा महिन्यांनी सांगितलं.

बारा_चाकी
उशिरा लिहितोय, मध्ये दोन ट्रिपा झाल्या.

ताई, बोललो. ती म्हणाली, "मला वाटलं तुमचा अपघात झाला होता आणि तुम्ही लपवताय." यावर मी काय बोलणार? शुगर ठीक, बीपी वर आहे, गोळी सुरू झाली.

मुन्शीने आठ-आठचं कबूल केलं. पहिल्या ट्रिपला पाळलं, दुसऱ्या ट्रिपला दुपारी तीनपासून पुन्हा सुरू. पण या वेळी गेटचा फोटो पाठवला होता. मालक 'बघू' म्हणालेत.

दादा, तुमच्या प्रश्नावर धुळ्यापर्यंत विचार केला. बिजासन घाट. मागे बावीस टन, चौथा गियर, इंजिनानेच गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक, आणि देवीच्या देवळापासून खाली पालसनेरपर्यंत पायाचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. इंजिन घुमत असतं, चाकातले ब्रेकचे ड्रम गार. खाली उतरून चाकाला हात लावला की कळतं आपण काय केलं ते. हे कोणाला सांगणार? मालकाला डिझेल दिसतं, पार्टीला तारीख.

परवाच्या ट्रिपला सोबत नवा पोरगा होता, हेवी लायसन्स हातात पडून चार महिने झालेले. त्याला घाट उतरवायला दिला. ज्या गियरात चढतोस त्याच गियरात उतर, एवढंच सांगितलं. खाली पोहोचेपर्यंत मी रिकाम्या जागी कितीदा ब्रेक दाबला देव जाणे. दोन मिस्ड कॉल होते, एक ऑफिसचा, एक घरचा. पोराने विचारलं, "उस्ताद, ड्रम बघू का?" मी म्हटलं, बघ, पण आधी हाताची पाठ लाव, पंजा नको.