टायर रिमवर चढत नाही तेव्हा : आपापले अनुभव लिहा

मंडळी,

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी पत्नीच्या सायकलचे मागचे चाक काढून अंगणात बसलो, आणि जेवणाची हाक आली तेव्हाही नवा टायर अर्धा रिमवर आणि अर्धा बाहेर असाच लटकत होता. जुन्या टायरवर '२६' दिसत होते, दुकानात मी 'सव्वीसचा टायर द्या' असे सांगितले होते आणि मिळालेल्या टायरवरही '२६' छापलेले होते. त्यामुळे दोष टायरचा नसून माझ्या मनगटांचा आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. त्या समजुतीपायी टायर चढवायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या मोडल्या, स्वयंपाकघरातले एक उलथणे वाकले (त्याबद्दलची बोलणी अजून चालू आहेत) आणि नव्या ट्यूबला चिमटा बसून ती फाटली ती वेगळीच.

संध्याकाळी जुना टायर ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा मळाखालून बारीक अक्षरांतली पूर्ण ओळ वर आली. जुन्यावर '२६ × १-३/८' आणि त्याखाली '३७-५९०' असे होते. नव्यावर '२६ × १.७५' आणि '४७-५५९'. यातला पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी, आणि दुसरा म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर ज्या जागी टेकते तिथला व्यास. म्हणजे माझा नवा टायर व्यासाने ३१ मिलिमीटर लहान होता आणि त्याच्या तारेचा घेर जवळजवळ ९७ मिलिमीटर कमी पडत होता. न ताणणारी तार चार बोटे लांब व्हावी म्हणून मी साडेतीन तास घाम गाळला होता.

इंचांतला आकडा हा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा जुना अंदाज आहे, आणि रिमशी त्याचे थेट नाते नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. 'सव्वीस' या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४ आणि ५९० असे निदान चार व्यास नांदतात. उलट डोंगरी सायकलचा 'एकोणतीस इंची' टायर आणि रस्त्यावरच्या सायकलचा '७०० सी' टायर, ही नावे इतकी वेगळी असूनही दोघांची तार ६२२ मिलिमीटरचीच असते. अपूर्णांकात लिहिलेला १-३/४ आणि दशांशात लिहिलेला १.७५ हे गणिताच्या तासाला सारखे असले, तरी सायकलच्या दुकानात ते दोन वेगळे टायर आहेत.

असा प्रसंग आपल्यावरही आला असेल तर कृपया सविस्तर लिहावे : चाक कोणते होते, टायरवर नेमके काय छापले होते, आणि गाडे कुठे अडले. मोडलेल्या वस्तूंची यादी दिली तरी चालेल.

इचलकरंजीहून

वडिलांचे सायकलचे दुकान होते आणि शाळा सुटल्यावर पंक्चरच्या घमेल्यापाशी बसणे हे माझे ठरलेले काम होते. आपण लिहिलेला गोंधळ आमच्याकडे वेगळ्या रूपात येत असे. गिऱ्हाईक 'बावीस इंची सायकलचा टायर' मागे किंवा 'चोवीस इंचीचा' मागे. ते बावीस-चोवीस म्हणजे सायकलच्या सांगाड्याची उंची. चाके दोन्हींना २८ × १-१/२ चीच, म्हणजे ४०-६३५. वडील काही न बोलता योग्य तो टायर खुंटीवरून काढून देत. नव्या नोकराने मात्र एकदा एका गृहस्थांना खरोखरच मुलांच्या चोवीस इंची चाकाचा टायर बांधून दिला, आणि ते तो घेऊन एसटीने गावी गेले. दुसऱ्या दिवशी परत आल्यावर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आकार बरोबर असूनही टायर चढत नाही, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्म्याहून अधिक लोक तिथेच अडलेले मी पाहिले आहेत. रिमच्या दोन्ही काठांमध्ये, बरोबर मधोमध, एक खोलगट पन्हळ असते. तार काठाजवळच्या जागेवर बसली की घट्ट होते आणि मधल्या पन्हळीत उतरली की सैल होते, कारण तिथे रिमचा घेर कमी असतो. शेवटचा वीतभर भाग चढत नसेल, तर त्याचा अर्थ उरलेली तार पन्हळीत उतरलेली नाही, एवढाच असतो. वडील टायरची पहिली बाजू बसवून ट्यूब आत घालत, तिच्यात आकार धरण्यापुरती दोन-तीन पंपांची हवा भरत आणि दुसरी बाजू वॉल्व्हच्या बरोबर समोरच्या ठिकाणी चढवायला सुरुवात करत. तिथून दोन्ही तळहातांनी डावी-उजवीकडे टायर दाबत, चिमटीने कडा मध्यावर ढकलत वॉल्व्हपाशी यायचे. सुरुवात वॉल्व्हपाशी करून शेवट समोर केला तर वॉल्व्हचा जाड बुंधा तारेला पन्हळीत उतरू देत नाही, आणि जिथे ढिलाई हवी असते तिथेच ती सापडत नाही. शेवटी वॉल्व्हचा नट सैल करून वॉल्व्ह बोटाने आत दाबायचा, म्हणजे त्याच्या बुंध्याखाली अडकलेली कड सुटते आणि ट्यूब टायरखाली चेपत नाही.

स्क्रूड्रायव्हर वापरायला दुकानात मनाई होती. ट्यूबवर आणि टायरच्या आतल्या बाजूला शंखजिऱ्याची पूड हाताने फिरवायची, तिचा डबा नेहमी डाव्या हाताला असे, आणि आजही तो वास आला की मला दुकानाची फळी दिसते. फार हट्टी टायर असेल तर वडील चाक छातीशी उभे धरून, कोपर अंगाला चिकटवून, अंगठ्यांऐवजी तळहाताच्या गादीने कड वर लोटत. अंगठे दहा टायरांत दमतात, तळहात दिवसभर दमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

(धागाकर्ता, म्हणजे सुरुवातीचा मजकूर लिहिणारा मी : अनेक आभार. मी सुरुवात वॉल्व्हपाशीच केली होती. अर्थात माझ्या बाबतीत ती समोर केली असती तरी ९७ मिलिमीटर कुठून आले नसते.)

डेल्फ्ट, नेदरलँड्स येथून

इथे शिकायला आल्यावर मी एक जुनी काळी 'ओमाफिट्स', म्हणजे आजीबाईंची सायकल, विकत घेतली. मागचा टायर झिजला तेव्हा दुकानातून 'अठ्ठावीस इंची' टायर आणला. इथे अठ्ठावीस म्हटले की बहुतेक वेळा २८ × १-५/८ × १-३/८ असा तीन आकड्यांचा टायर मिळतो आणि त्याची तार ६२२ ची असते. माझ्या सायकलची रिम मात्र जुन्या २८ × १-१/२ ची, म्हणजे ६३५ ची होती. फरक व्यासात केवळ १३ मिलिमीटरचा असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवतो. घेरात तो ४१ मिलिमीटर भरतो. तीन चतुर्थांश टायर चढल्यासारखा वाटला आणि उरलेला भाग दोन मित्र, तीन पट्ट्या आणि भांड्याचा साबण एवढे सगळे लावूनही जागचा हलला नाही.

वरचा इचलकरंजीचा अनुभव वाचून मी थक्क झाले, कारण ४०-६३५ हा आकडा मी घरीच पाहिला होता. मिरजेला आजोबांच्या दूधवाल्या सायकलला हाच टायर आहे. सुट्टीत गेले तेव्हा मुद्दाम वाकून वाचून आले. त्यानंतर दोन टायर सामानातून इकडे आणले. विमानतळावर सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते बाहेर काढून माझ्याकडे पाहिले, पण विचारले काही नाही.

न्यू जर्सीहून

माझी तक्रार बरोबर उलटी आहे, म्हणजे टायर फार सहज चढला. माझ्या सायकलची चाके ७०० सी ची, ६२२ व्यासाची आहेत. शेजाऱ्यांनी गॅरेज आवरताना दोन कोरे टायर दिले, त्यांवर २७ × १-१/४ असे होते. अमेरिकेतल्या जुन्या दहा गिअरच्या सायकलींना हे माप सर्रास असे आणि त्याचा व्यास ६३० आहे. आठ मिलिमीटरने मोठा असल्यामुळे तो हाताने, एकही पट्टी न वापरता बसला, आणि मी स्वतःच्या कौशल्यावर खूश झालो. पंपाचा काटा साधारण ६० पीएसआयपर्यंत गेला असेल, तेवढ्यात एका बाजूची कड रिमवरून सरकली, ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि तळघरात असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरून सासूबाई देवाचे नाव घेत धावत आल्या. कानात अर्धा तास शिट्टी वाजत होती. तेव्हापासून टायर हाताने फारच सहज बसला, तर मी आधी थांबून आकडे वाचतो आणि हवा भरताना चेहरा चाकापासून लांब ठेवतो.

नाशिकहून

आकार बरोबर, टायर चढलाही, पण चाक फिरवले की एका ठिकाणी उडी मारत होते. चाकाला आऊट आला आहे, म्हणजे रिम वाकडी झाली आहे, असे समजून मी आरे ताणून घेतले, त्याचे पैसेही गेले, आणि उडी तशीच राहिली. मग एका मित्राने दाखवले की टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ चौफेर जाते आणि ती रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. माझ्या टायरची रेघ वॉल्व्हजवळ रिमखाली गडप झाली होती. हवा सोडली, त्या भागाला साबणाचे पाणी लावले, टायर दोन्ही हातांनी बाहेर ओढला आणि परत हवा भरली. 'टक्' असा आवाज होऊन रेघ वर आली.

दुकानात तारेचा टायर तीन वेढे करून बांधलेला असतो. तो सोडून तासभर उन्हात मोकळा ठेवल्यास बसवताना कमी त्रास देतो, हेही त्यानेच सांगितले.

पुण्याहून

मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघालो होतो. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते. आदल्या रात्री नवे टायर घातले, ते ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमवर, पण आत ट्यूब टाकून. घरी फरशीवर बसून, घाम गाळून ते कसेबसे चढले, आणि 'चढले' एवढ्यावर मी समाधान मानले. खंबाटकी घाटाच्या अलीकडे पंक्चर झाले. टायर काढण्यातच एक पट्टी मोडली आणि परत चढवताना दुसरी. एका बाजूने दहा सेंटिमीटर आत ढकलले की दुसऱ्या बाजूने तेवढेच बाहेर येत होते. शेवटी पँटचा पट्टा काढला, चढलेली कड सरकू नये म्हणून एका टोकाला रिम आणि टायर मिळून आवळले, पूर्ण वर्तुळभर दोन्ही कडा चिमटीने मध्यावर आणल्या आणि मगच उरलेला भाग तळहाताने लोटला. पन्नास मिनिटे गेली. मुदतीत पोहोचलो, पण चहाचे दोन थांबे सोडावे लागले, आणि ते मला जास्त लागले.

मूळ कारण घरी परतल्यावर सापडले. आऱ्यांच्या भोकांवर मी कापडी पट्टी दोनदा गुंडाळली होती. ट्यूबलेसच्या रिमवर टायर टेकायची जागा मुळातच घट्ट असते, त्यामुळे मधली पन्हळ हीच काय ती सवलत, आणि ती मी स्वतःच्या हाताने बुजवली होती. पट्टीच्या एक मिलिमीटर जाडीने पन्हळीतला घेर सहा मिलिमीटरहून अधिक वाढतो. पातळ चिकटपट्टीचा एकच वेढा दिल्यावर तोच टायर चढवायच्या एकाच प्लास्टिकच्या पट्टीच्या मदतीने निमूट बसला.

रत्नागिरीहून

माझे थोडक्यात. ७०० × २५ काढून ७०० × ३८ घातला. व्यास दोन्हींचा ६२२, त्यामुळे रिमवर सुरेख बसला. चाक सायकलमध्ये घालायला गेलो तर ते मागच्या नळ्यांच्या बेचक्यातच अडकले आणि ब्रेकखालून जाईना. टायर रिमवर बसणे आणि चाक सायकलमध्ये बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदाराने पैसे परत न करता समजावून सांगितले.

नागपूरहून

मुलीच्या वीस इंची सायकलचे चाक घेऊन बसले आहे. जुना टायर पंक्चरवाल्यांनी टाकून दिला आणि नव्यासाठी दुकानदार विचारत आहेत की '४०६ की ४५१?' टायरच नाही तर आकडा वाचू कशाचा?

(धागाकर्ता : ताई, आधी रिमवर बघा, काही रिमवर तो आकडा ठोकलेला असतो. नसेल तर पोलादी टेपने रिमचा बाहेरचा व्यास, काठापासून समोरच्या काठापर्यंत, बरोबर मध्यातून मोजा. तार त्या काठाच्या थोडी खाली टेकते, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून साधारण बारा मिलिमीटर वजा करा. माझ्याकडच्या ७०० सी च्या चाकावर बाहेरून ६३४ भरले, म्हणजे ६२२. तुमचे उत्तर ४०६ आणि ४५१ यांच्यापैकी एकाच्या जवळ येईल. दोघांत ४५ मिलिमीटरचे अंतर असल्यामुळे टेप दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी बिघडणार नाही.)

नागपूरहून पुन्हा : बाहेरून ४१८ भरले. दुकानदारांना ४०६ सांगितले आहे.