प्रतिसाद: पंपांच्या दूरस्थ देखरेखीत कंपनमापनापलीकडे काय हवे?

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत अपकेंद्री (सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या पात्यांनी द्रव ढकलणाऱ्या) पंपांना कंपनाचे सेन्सर बसवून मोबाइलवर इशारा मिळू लागला की देखरेखीचे काम झाले, असे ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. बेअरिंगच्या झिजेपुरते ते मला मान्य आहे. परंतु टाकी रिकामी होऊन पंप कोरडा चालू लागला, तर मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवतून द्रव गळू न देणारा भाग) फार लवकर जळते आणि तोवर कंपनात ठळक बदल दिसेलच याची खात्री नसते. अशा वेळी मोटरने घेतलेली विद्युतशक्ती मोजणे अधिक उपयोगी ठरते, कारण द्रवाचा प्रवाह थांबताच ती स्पष्टपणे घटते. नुसता अँपिअरचा आकडा कमी भारावर तितका बोलका नसतो. चूषण बाजूचा, म्हणजे पंप द्रव ओढून घेतो त्या बाजूचा, दाबही मोजावा, म्हणजे कॅव्हिटेशनची (दाब घटल्याने द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याची) चाहूल आधी लागते. हे सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचे असावेत. शून्य वाचनाला ४ मिलिअँपिअर ठरलेले असल्याने तार तुटली की विद्युतप्रवाह त्याखाली जातो आणि बिघाड लगेच ओळखता येतो.

पंप बंद करण्याचा निर्णय मात्र क्लाउडवर (इंटरनेटवरच्या दूरच्या सर्व्हरवर) सोपवू नये. तो इंटरलॉक (धोका दिसताच पंप आपोआप बंद करणारी व्यवस्था) जागेवरच्या पॅनेलमध्येच असावा, कारण ऐन पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी सील वाचले पाहिजे.