मदत हवी आहे: योर्गोस फुंदासचे जुने ग्रीक सिनेमे

मंडळी, परवा 'झोर्बा द ग्रीक' (१९६४) पुन्हा पाहिला. अँथनी क्विन भाव खाऊन जातो हे खरंच, पण या वेळी माझी नजर मावरांदोनी या पात्रावरच अडकली. मुलाने समुद्रात जीव दिलेला, बाप दगडासारखा, आणि शेवटी इरीनी पापासच्या विधवेच्या गळ्यावर सुरी. अंगावर काटा आला.

हा नट योर्गोस फुंदास. मग 'स्टेला' (१९५५) मिळवला. दिग्दर्शक तेच, काकोयानिस. त्यात हा फुटबॉल खेळणारा मिल्तोस, मेलिना मेर्कुरीच्या प्रेमात पडलेला. शेवट फोडत नाही, पण सुरी तिथेही आहेच! 'नेव्हर ऑन संडे'मध्ये (१९६०) मात्र पिरेयस बंदरावरचा रांगडा तोनिओ.

आता दिग्दर्शक कुंदुरोसचा 'मागिकी पोलिस' (म्हणजे 'जादुई शहर', १९५४) बघायचाय. माझ्याकडची प्रत सबटायटलशिवाय, आणि माझं ग्रीक 'कालिमेरा'च्या (सुप्रभात) पुढे जात नाही. इंग्रजी सबटायटलवाली प्रत कुठे मिळेल? नुसती सबटायटलची फाइल असली तरी चालेल, मागेपुढे करून जुळवून घेईन. आणि फुंदासची आणखी कुठली भूमिका चुकवू नये, तेही सांगा.