शब्दचर्चा: ‘उत्पत्ती’तला ‘दिवस’ शब्दशः घ्यायचा की लक्षणेने?

प्रश्न

मी अहिल्यानगर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी पवित्र शास्त्राचं वाचन रोज संध्याकाळी होतं. दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. यंदा माझाच मुलगा दहावीला आहे आणि परवा बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचं, ‘उत्पत्ती’चं, वाचन संपल्यावर (देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं असं त्यात आहे) त्याने विचारलं, “आई, सहा दिवस खरे की कोट्यवधी वर्षं खरी?” आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, सहा दिवस शब्दशः घ्यायचे. पाळकसाहेबांचं म्हणणं, मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच ‘युग’ असा आहे, त्यामुळे भांडण उरतच नाही. मला श्रद्धेवर वाद नको आहे, माझा प्रश्न शब्दापुरता आहे. तो हिब्रू शब्द कोणता? ‘दिवस’ हे भाषांतर बरोबर आहे का? आणि ‘शब्दशः’ म्हणजे नक्की काय?

उत्तर

ताई, शब्द आहे ‘योम’, आणि ‘दिवस’ हे त्याचं भाषांतर अगदी बरोबर आहे. इतकं बरोबर, की मराठी ‘दिवस’ जिथे जिथे ऐसपैस पसरतो तिथे बऱ्याचदा योमही पसरतो. आपण ‘दिवस मावळला’ म्हणतो तेव्हा दिवस म्हणजे सूर्य. ‘दिवस लहान झाला’ म्हणजे उजेडाचा वेळ कमी झाला. ‘तीन दिवस राहिलो’ यात रात्री धरलेल्या असतात. ‘आमच्या दिवसांत’ म्हणजे एक अख्खा काळ. ‘तिला दिवस गेलेत’ आणि ‘आजोबांचे दिवस घातले’ ही तर जन्ममरणाची दोन टोकं, तीही याच शब्दात. बोलणाऱ्याला कुठेही अडखळायला होत नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ ठरवतात.

आता पहिल्या अध्यायाचं पाचवं वचन उघडा. देवाने प्रकाशाला दिवस म्हटलं आणि अंधाराला रात्र. इथे योम म्हणजे फक्त उजेड. त्याच वचनाच्या शेवटी संध्याकाळ झाली, सकाळ झाली, आणि पुन्हा योम. इथे तो संध्याकाळ-सकाळीसह पूर्ण दिवस आहे. एका वचनात एकच शब्द दोन मापांनी आला. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात ‘बे-योम’ आहे, शब्दाला शब्द ठेवला तर ‘दिवशी’. तिथे आकाश आणि पृथ्वी करण्याचं सगळं काम त्या एका ‘दिवशी’मध्ये बसवलेलं आहे. “ज्या दिवशी तू बाप होशील त्या दिवशी कळेल” असं आपण म्हणतो, तसाच हा वापर. तारीख त्यात नसते, ‘जेव्हा’ एवढाच अर्थ असतो.

तरीही पाळकसाहेबांचं ‘युग’ मला पटत नाही, आणि हे मी आदराने पण ठामपणे सांगतो. पहिल्या अध्यायात योम एकवचनी आहे, त्याच्या सोबत क्रमांक आहे, संध्याकाळ आहे, सकाळ आहे. मराठीत कोणी “संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा तिसरा दिवस” असं लिहिलं तर आपण तिथे युग वाचणार नाही. हिब्रूला दीर्घ काळ सांगायचा असता तर ‘ओलाम’ हा शब्द हाताशी होता. विज्ञानाशी जमवून घेण्यासाठी शब्दाच्या तोंडी नसलेला अर्थ कोंबणं हा त्या शब्दावर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

मग सहा दिवस शब्दशःच झाले का? इथेच आपण घाई करतो. ‘शब्दशः’ आणि ‘लाक्षणिक’ अशी दोनच खोल्यांची इमारत बांधतो आणि प्रत्येकाला एकीत ढकलतो. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने याहून बारीक विचार केलेला आहे: अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे तो बसत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा दुसरा अर्थ, व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध. म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ त्या जागी बसेनासा झाला पाहिजे. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून ‘गंगेच्या काठावर’ असं समजायचं. आपल्या मर्जीने लक्षणा लावता येत नाही, मजकुरानेच तशी अडचण उभी करावी लागते.

‘उत्पत्ती’ अशी अडचण उभी करते का? करते, आणि अगदी उघडपणे. पहिल्या दिवशी प्रकाश, पण सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या तीन संध्याकाळी आणि सकाळी कशाच्या? हा प्रश्न डार्विनच्या धक्क्याने सुचलेला नाही. तिसऱ्या शतकात ऑरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तो विचारला होता. सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कोणता समंजस माणूस मानेल, असा त्याचा रोख होता. चौथ्या शतकात बेसिल या बिशपने उलट बाजू घेतली आणि दिवस चोवीस तासांचाच मानला. आणि ऑगस्टीन (354–430) हा ख्रिस्ती धर्माचार्य तर आपल्या चर्चेसाठी फार मोलाचा. त्याने या ग्रंथावर जे मोठं भाष्य लिहिलं त्याच्या लॅटिन नावातच ‘शब्दार्थाप्रमाणे’ असं आहे, आणि त्याच भाष्यात तो म्हणतो की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, हे सहा दिवस आपल्या रोजच्या दिवसांसारखे नव्हेत. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका विद्वानाला हे वाचनसुद्धा ‘शब्दार्थाचं’ वाटत होतं! आज आपण ‘शब्दशः’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर घड्याळ असतं. त्याच्या डोळ्यांसमोर ते नव्हतं. ‘खरोखर काय घडलं’ हा त्याचा शब्दार्थ होता.

माझं मत असं, की दिवस हा शब्द दिवसच ठेवावा आणि लक्षणा त्या एका शब्दावर न लावता अख्ख्या आठवड्यावर लावावी. रचना बघा. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी वेगळं, पाचव्या दिवशी पाखरं आणि जलचर. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. आधी तीन घरं बांधली, मग त्याच क्रमाने तिन्हींत राहणारे आणले, आणि सातव्या दिवशी विसावा. ही मांडणी कष्टकऱ्याच्या आठवड्याची आहे. भूस्तरांची कालरेषा म्हणून ती वाचली की तिचं सगळं सौंदर्य निसटतं.

जे ‘एकूण एक शब्द जसाच्या तसा’ असा आग्रह धरतात त्यांना मी नम्रपणे दुसऱ्या दिवसाचा शब्द दाखवतो. मराठीत तिथे ‘अंतराळ’ आहे. आज अंतराळ म्हटलं की यान आणि अंतराळवीर आठवतात, पोकळी आठवते. मूळ शब्द ‘राकिया’, आणि त्याचा धातू ठोकून पसरवण्याचा. बायबलमधल्याच ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 39व्या अध्यायात सोनं ठोकून पातळ पत्रे केले, तिथे हाच धातू आहे. पुण्यात तांबट आळीत गेला असाल तर हे क्रियापद कानांनी ऐकलं असेल. तांब्याचं पातेलं ओणवं ठेवून तांबट त्यावर एकाला लागून एक ठोके देत जातो, प्रत्येक ठोक्याचा इवलासा गोल खळगा उमटतो, आणि पत्रा ताठ होत, चकाकत जातो. त्याला ते मठारणं म्हणतात. राकिया म्हणजे असं ठोकून पसरलेलं आभाळ, ज्याच्या वर पाणी आणि खाली पाणी. हा शब्द शब्दशः घेणारा आज मला तरी कोणी भेटलेला नाही. तिथे सगळेच मुकाट्याने लक्षणेकडे वळतात. मग ती वाट ‘योम’च्या आठवड्यासाठी बंद का?

आणखी एक शब्द, कारण तुम्ही जीवशास्त्र शिकवता. ‘आपापल्या जातीप्रमाणे’ यातल्या ‘जाती’साठी हिब्रू शब्द ‘मीन’ आहे. मराठीत ‘जाती’ ही जीवशास्त्राची पारिभाषिक संज्ञाही झाली, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की जाती कायमच्या ठरलेल्या आहेत असं पवित्र शास्त्र सांगतं. मीन म्हणजे ‘प्रकार’, एवढंच. शेतकरी ज्या नजरेने ‘नाना तऱ्हेची झाडं’ म्हणतो तेवढाच त्याचा आवाका.

‘अक्षरशः’बद्दल थोडक्यात. बोलीत तो आता जोर देण्यासाठी येतो: “अक्षरशः घाम फुटला.” ‘शब्दशः’ अजून भाषांतराच्या आणि अर्थाच्या कामाला लागतो. या चर्चेत ‘शब्दशः’ किंवा ‘वाच्यार्थाने’ हेच वापरावं.

प्रश्नकर्तीचा पुढचा प्रश्न

दादा, मनापासून आभार. ‘उत्क्रांती’ आणि ‘उत्क्रांतिवाद’ यांतलं कोणतं? मुलं दोन्ही लिहितात.

उत्तर

मी ‘उत्क्रांती’ लिहितो. ‘वाद’ लावला की ती मार्क्सवाद, गांधीवाद यांच्या रांगेत जाऊन बसते आणि पटलं तर घ्या, नाही तर सोडा अशी होते. गुरुत्वाकर्षणाला आपण कधी वाद लावत नाही. सिद्धांताचंच नाव घ्यायचं असेल तर ‘उत्क्रांतीचा सिद्धांत’ म्हणावं.

या शब्दाचाही एक प्रवास आहे. उपनिषदांच्या परंपरेत उत्क्रांती म्हणजे प्राणाचं शरीरातून वर निघून जाणं. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं, ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळे मराठी कानाला उत्क्रांतीत ‘वर चढणं’ ऐकू येतं, माकडापासून माणसापर्यंतचा जिना दिसतो. डार्विनच्या सिद्धांतात असा जिना नाही, फांद्या आहेत. त्याने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकाच्या 1859च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम वापरलंच नव्हतं. त्याचं क्रियापदी रूप मात्र पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येतं. त्याचा आवडता शब्दप्रयोग ‘फेरफारांसह वंशपरंपरा’ असा होता.

आणि ‘उत्पत्ती’ त्याच्याही लेखणीत शिरली होती. शेवटच्या वाक्यात त्याने लिहिलं होतं की जीवन थोड्या रूपांत किंवा एकाच रूपात फुंकलं गेलं. ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेच हे क्रियापद. 1860च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिथे ‘निर्माणकर्त्याकडून’ असंही घातलं. पुढे 1863मध्ये मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने खंत व्यक्त केली, की लोकमतापुढे झुकून आपण निर्मितीचा हा मोशेच्या पंचग्रंथांतला (म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला) शब्द वापरला; आपल्याला म्हणायचं होतं ते एवढंच, की जीवन कुठल्या तरी अगदी अज्ञात प्रक्रियेने प्रकटलं. शब्दांची निवड त्यालाही छळत होती.

एका शब्दाने केवढा घोळ होतो याचं आणखी एक उदाहरण. ऑक्टोबर 1996मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या फ्रेंच संदेशात उत्क्रांती ही ‘निव्वळ परिकल्पनेहून अधिक काही’ आहे असं म्हटलं. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या इंग्रजी आवृत्तीत ते ‘एकाहून अधिक परिकल्पना’ असं छापलं गेलं आणि नंतर दुरुस्त करावं लागलं. फ्रेंचमधल्या एका छोट्या ‘उन’ने हे केलं; त्याचा अर्थ ‘एक’ही होतो आणि नुसतं ‘एखादी’ही. मराठीत ‘एका परिकल्पनेपेक्षा अधिक’ असं कोणी लिहिलं तर आपणही नेमक्या त्याच खड्ड्यात पडू. म्हणून असं वाक्य मांडताना ‘निव्वळ’ घाला, ‘एका’ काढा.

प्रश्नकर्ती

काल संध्याकाळी मुलाला पाचवं वचन वाचायला दिलं आणि त्यात दोन वेगळे ‘दिवस’ शोधायला सांगितलं. त्याला मिनिटभरात सापडले. मग त्याने तिसरंच काढलं: संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर का? दिवस तर सकाळी सुरू होतो. मला सांगता आलं नाही.

आणखी एक प्रतिसाद

याचं उत्तर मी देते, कारण माझं आजोळ अलिबागकडचं, बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री, आणि आमचा दिवस सूर्यास्ताला. “संध्याकाळ झाली, सकाळ झाली” हा त्याचाच आधार. आमच्या लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. पण आजी सांगायची, शनिवार काही शनिवारी उजाडत नाही. शुक्रवारी दिवेलागणीला दिवा लावला, की घरात कोणी “उद्या शनिवार” म्हणायचं नाही. तो लागलेला असायचा.

आणि मुलाला हेही सांगा, मूळ हिब्रूत तिथे ‘पहिला दिवस’ असं नाही. ‘योम एहाद’ आहे, ‘एक दिवस’. दुसरा, तिसरा हे क्रमांक पुढे येतात. पहिल्याला पहिला म्हणायला अजून दुसरा उगवलेलाच नव्हता, असं आमच्या घरातली वडीलधारी माणसं सांगत.

प्रश्नकर्ती

मावशी, हे त्याला आज रात्रीच वाचून दाखवते. त्याच्या वहीत समासात आता ‘एक’ असं लिहिलेलं असेल.